मातीला गाणं नाही

पाहुणे सोमवारी आले आणि मंगळवारी सकाळी त्यांनी आमच्या ख्रिस्ती देवळाच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला. त्यावर दहा दिवसांचं वेळापत्रक होतं. प्रार्थना किती वाजता, न्याहारी किती वाजता, शाळेच्या नव्या मास्तरघराचे वासे कोणत्या दिवशी चढवायचे, पत्रे कोणत्या दिवशी ठोकायचे, सगळं रंगीत रेघांनी आखलेलं. गावातल्या मुलांशी खेळायलासुद्धा एक चौकोन दिला होता. मी तो कागद लामेक मास्तरांकडून वाचून घेतला. इंग्रजी येणारे आमच्याकडे तेच, म्हणून दुभाषाचं कामही त्यांच्याच गळ्यात. मी विचारलं, "मास्तर, मधेच कुणी मेलं तर काय करायचं, ते कुठं लिहिलंय?"

मास्तर हसले. म्हणाले, "मावशी, तुमची जीभ एक दिवस तुम्हाला खाणार आहे."

अकरा जण होते. स्कॉटलंडच्या उत्तरेला कुठंतरी बेट आहे, तिथल्या चर्चच्या मंडळीनं पाठवलेले. देड्झाच्या डोंगराखाली आमच्या गावात जुलैच्या हिवाळ्यात इतका बोचरा वारा असतो की आम्ही दोन-दोन चितेंजे अंगाला गुंडाळतो, आणि ही पोरं उघड्या दंडांनी फिरत होती. स्वयंपाक माझ्याकडे होता, कारण महिला मंडळाची पुढारीण मी. पाहुण्यांनी मक्याच्या पिठाची न्सिमा दोन बोटांनी चिवडली, भोपळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला होता तो बरा म्हणाले, पण सुकी बारीक मासळी पानात पडली की एकमेकांची तोंडं बघायचे. डोळ्यांसकट मासा त्यांना चालत नव्हता. त्यांचा म्होरक्या मर्डो मात्र डोकी आधी खायचा. साठी ओलांडलेला सुतार, हात फावड्याएवढे, बोलणं जवळजवळ नाहीच. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्याकडे दुसऱ्यांदा मासळी मागितली आणि तेव्हाच तो मला आवडला.

त्यांना प्रत्येक काम करायचं असे. पाण्याची बादली दिसली की कुणीतरी मुलगी उचलायला धावे, आणि आमच्या बायका ती तिच्या हातातून काढून घेत. पाहुण्याला बादली उचलू दिली तर गावाची अब्रू काय राहिली? डोलोफिना म्हणायची, "या पोरींना बांधून ठेवा गं कुणीतरी." डोलोफिना म्हणजे आमच्या मंडळातली सगळ्यात चांगल्या गळ्याची बाई. माझ्याच वयाची. कप विसळणं, चटया झटकणं ही मंडळातली शेवटची कामं ती न सांगता करायची आणि माझ्याशी कामापुरतंच बोलायची. का, ते मला ठाऊक होतं. पण त्याबद्दल पुढे सांगते.

शुक्रवारी सकाळी माझा भाऊ जायलोसी गेला.

दोन महिने त्याचे पाय सुजत होते, धाप लागत होती. तरी मेला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्यात बहिणीचं घर भावाच्या खांद्यावर असतं. माझ्या लग्नाची बोलणी त्यानं केली होती, माझ्या तिन्ही मुलींच्या सासरच्यांसमोर मामा म्हणून तोच बसला होता, आणि माझा नवरा दक्षिणेकडे खाणीत गेला तो परत आला नाही, तेव्हा माझ्या शेताची नांगरट आठ वर्षं न बोलता त्यानंच केली.

मुखियानं ढोल वाजवला आणि गावाचं काम थांबलं. मास्तरघरावर पाहुण्यांचे वासे अर्धे चढले होते. आमचे सुतार शिड्या उतरून निघाले, तशी ती पोरं वरच हातोड्या धरून बसून राहिली. लामेक मास्तरांनी त्यांना सांगितलं की आता माती होईपर्यंत गावात खिळा ठोकायचा नाही. मर्डोनं वर बघून एक शब्द टाकला, सगळे खाली उतरले. मग तो देवळात गेला आणि भिंतीवरचा कागद काढून त्यानं गुंडाळून ठेवला. हे मला मागाहून कळलं, पण ते ऐकून बरं वाटलं.

दुपारी मंडळीचे चिटणीस कपांगा आले. आमचे पाळक अकरा मंडळ्या सांभाळतात, महिन्यातून एकदा उगवतात. बाकीचे दिवस मंडळी म्हणजे चिटणीस. वाईट माणूस नाही. कोट घालून आले होते, चटईवर बसले, जायलोसीच्या दोन्ही बायकांचं सांत्वन केलं. त्या दोघी एकमेकींना टेकून बसल्या होत्या. दोन बायका, तिथंच सगळं अडलेलं होतं. सात वर्षांपूर्वी जायलोसीनं बाजारगावातली एक विधवा तिच्या दोन लेकरांसकट घरी आणली आणि पहिलीलाही सोडलं नाही. मंडळीनं त्याचं नाव कापलं. प्रभुभोजन बंद, सभासदत्व बंद.

चिटणिसांनी मला बाजूला बोलावलं. आवाज अगदी मऊ होता. "ताई, नियम तुम्हाला सांगायला नको. नाव कापलेल्याच्या मातीला घंटा नाही, मंडळाचा पोशाख नाही आणि गाणं नाही. तुम्ही रडा, कोण अडवतंय? पण मंडळीचं गाणं नाही."

मी म्हटलं, "दादा, तो तुमच्या शेजारी बसून चौदा वर्षं गात होता."

"होता ना. म्हणून तर मला जड जातंय." मग त्यांनी मला जे ऐकवलं ते तोंडात मारल्यासारखं लागलं. "मायकोलोच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, आज एकासाठी वाकलो तर उद्या काय उरेल. मी ते वहीत लिहून घेतलंय."

मायकोलो डोलोफिनाचा नवरा. घरामागं दारू गाळायचा, म्हणून त्याचं नाव कापलं होतं. चार वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा डोलोफिना माझ्या अंगणात आली होती. दोन कडवी तरी, म्हणाली. पोशाख नको, चार बायका पुरेत, दोनच कडवी. मी मक्याचे दाणे काढत होते. मी हात थांबवला नाही. म्हटलं, नियम म्हणजे नियम, उद्या माझ्या घरात असलं काही झालं तर मीही गप्पच बसेन. फार मोठ्या तोंडानं म्हटलं होतं. मायकोलोला पुरलं तेव्हा मातीची ढेकळं पेटीवर पडत होती आणि कुणाच्या तोंडून सूर नव्हता. मी सगळ्यांच्या पुढं उभी होते, कुणी चुकून गाणं उचलू नये म्हणून.

आणि आता माझा भाऊ तसाच जाणार होता. चोरासारखा. मला इतका राग आला की रडू येईना. चिटणिसांचा राग, जायलोसीचाही राग, दुसरी बायको करायची काय गरज होती मेल्याला. आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

कुणी म्हणेल, मग तू स्वतःच गायचंस. तसं होत नाही. आमच्याकडे घरच्यांनी रडायचं असतं आणि गाणं बाहेरच्यांनी द्यायचं असतं. बाहेरच्यांचं गाणं अंगाखाली असलं की घरच्यांना सैल सोडून रडता येतं. बहिणीनंच तोंड उघडलं तर लोक म्हणतील, हिला भाऊ गेल्याचं दुःखच नाही. मंडळातल्या बायकांना सांगावं तर सगळ्यांचे पोशाख जातील, आणि सांगायला मला तोंड कुठं होतं? डोलोफिना चुलीपाशी बसून माझ्याच घरच्या मातीला आलेल्या लोकांसाठी घेवडा निवडत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही.

तेव्हा मला पाहुणे आठवले. पाहुण्याला गाव अडवत नाही. चिटणीस कपांगा तर मुळीच अडवणार नाहीत, कारण मास्तरघराचे पत्रे त्यांनीच चार पत्रं लिहून मागवलेले.

लामेक मास्तरांना घेऊन मी मर्डोकडे गेले. तो वाशांच्या ढिगावर बसून रंधा पुसत होता. मी काही लपवलं नाही. दोन बायका सांगितल्या, नाव कापलेलं सांगितलं, आणि मागणं सांगितलं: उद्या कबरीवर तुम्ही गा. तुमच्या भाषेत गा, काहीही गा.

मास्तरांनी सांगून संपवलं, तसा मर्डोनं रंधा खाली ठेवला. मग बोलला. त्यांच्या बेटावर मातीला गात नाहीत म्हणे. पुरुष पेटी खांद्यावरून नेतात, स्वतःच्या हातांनी माती लोटतात, आणि कबरीपाशी कुणी सूर काढत नाही. बापाला, आईला, समुद्रात बुडालेल्या भावाला, सगळ्यांना त्यानं असंच पोचवलं. लामेक मास्तरांनी त्याचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं: "गप्प उभं राहणं हाच आमच्याकडे मेलेल्याचा मान."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, आमच्याकडे तीच शिक्षा आहे."

मर्डोनं मान हलवली. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मास्तर मला परत येताना म्हणाले, "मावशी, तुम्ही त्या माणसाला त्याच्या आईच्या मातीविरुद्ध वागायला सांगताय."

शनिवारी दुपारी आम्ही जायलोसीला नेलं. कबरस्तान आमच्या गावाच्या पश्चिमेला, जुन्या झाडांच्या राईत आहे. तिथली काटकीसुद्धा कुणी सरपणाला आणत नाही. बायका जमिनीवर बसल्या, पुरुष उभे राहिले. मंडळातल्या सगळ्या सव्वीस बायका आल्या होत्या, पण साध्या कपड्यांत. कुणाच्या डोक्याला पांढरा रुमाल नव्हता. चिटणीस कपांगा कोटाची बटणं लावून एका बाजूला उभे होते. मुखिया दोन शब्द बोलला. आमच्या थोरल्या चुलत्यांनी जायलोसीच्या दुखण्याची हकिगत सांगितली, कधी पाय सुजले, कोणत्या दवाखान्यात नेलं, सगळं. मग पेटी खाली उतरली आणि माती पडू लागली.

ती शांतता मी कशी सांगू? नुसता फावड्यांचा आवाज. खरं तर अशा वेळी गाणं इतकं मोठं चाललेलं असतं की फावडी ऐकूच येत नाहीत. माझ्या वहिन्या हुंदके गिळत होत्या, कारण इतक्या शांततेत मोठ्यानं रडायचीही लाज वाटते. मी मर्डोकडे बघितलं. तो टोपी हातात धरून, मान खाली घालून उभा होता. त्याच्या मागं त्याची दहा माणसं तशीच. गप्प. मनापासून मान देत होती बिचारी. पण गावाला काय दिसत होतं? पाहुण्यांनीही तोंड बंद ठेवलं.

मग मर्डोनं टोपी शेजारच्या पोराकडे दिली, पुढं झाला आणि खणणाऱ्यांतल्या एकाच्या हातातून फावडं घेतलं. खणणारे गोंधळले. पाहुण्याला साधी बादली उचलू न देणारे आम्ही. पण त्यानं घेतलं ते अशा रीतीनं की कुणाला अडवता आलं नाही. सावकाश, एक ढेकूळही पेटीवर आपटू न देता त्यानं माती लोटली. कबर भरत आली तेव्हा त्यानं फावडं जमिनीत रोवलं, त्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि गायला लागला.

मी असलं गाणं कधी ऐकलं नव्हतं. इंग्रजी नव्हतं ते, त्यांच्या बेटावरची भाषा होती. एक ओळ त्यानं एकट्यानं म्हटली, लांबवत, वर-खाली हेलकावे देत, आणि थांबला. पुढची ओळ बाकीच्यांनी उचलायची होती, ते आम्हाला न सांगता कळलं, कारण आमचंही तसंच असतं. एकानं टाकायचं, बाकीच्यांनी झेलायचं. पण ती पोरं शहरात शिकलेली. त्यांना ती जुनी चाल येत नव्हती. दोघा-तिघांनी कसाबसा सूर लावला आणि तो मधेच विरला. मर्डोनं डोळे उघडले नाहीत. दुसरी ओळ टाकली. या खेपेला तर एकाच मुलीचा आवाज आला, तोही कापरा.

त्या म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला होता. आपल्या घरची रीत मोडून तो परक्या कबरीवर उभा होता आणि त्याचं गाणं झेलायला कुणी नव्हतं. मला वाटलं, हे मी काय केलं. भावाची लाज काढलीच, आता या माणसाचीही.

त्यानं तिसरी ओळ टाकली, आणि बायकांतून एक आवाज उठला.

डोलोफिनाचा. शब्द तिला कुठून येणार? नुसता सूर होता, पण तिनं तो त्याच्याच हेलकाव्यावर उचलला आणि शेवटपर्यंत नेऊन ठेवला. बसल्या जागेवरून हललीही नाही. चौथ्या ओळीला तिच्या शेजारच्या दोघी होत्या. पाचवीला मी मोजणं सोडलं. सव्वीस बायका शब्दांशिवाय गात होत्या, वरचे आवाज वर, खालचे खाली, आणि मर्डो डोळे मिटून ओळीमागून ओळ टाकत होता. माझ्या थोरल्या वहिनीनं हंबरडा फोडला. धाकटीनं फोडला. मग मीही. सैल सोडून रडले, भाऊ गेल्यावर रडावं तशी.

चिटणीस कपांगा जागचे हलले नाहीत. काय करणार? नियम मंडळीच्या गाण्याचा होता, आणि हे गाणं आमच्या मंडळीचं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. पण तेही गायले नाहीत, हे खरं सांगितलं पाहिजे.

कबरीवर फुलं ठेवून झाली आणि लोक पांगू लागले. मर्डो जवळ आला, त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि आपल्या माणसांना घेऊन गेला. मी डोलोफिनाला शोधलं. ती चितेंज्याची धूळ झटकत उभी होती. मी तिचे आभार मानायला तोंड उघडलं, तर तिनं मला हातानं थांबवलं.

"माझ्याशी गोड बोलू नकोस, एनिफा," ती म्हणाली. "मी दिलं. आता तू दे."

तिनं राईच्या पलीकडच्या टोकाकडे हनुवटी केली. तिकडं मायकोलो होता. चार वर्षांत मी त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं.

वाटेत चिटणीस उभे होते. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं, आणि मी कुठं निघाले ते त्यांना कळलं होतं. म्हणाले, "ताई, पाहुण्यांचं मी समजून घेईन. बायकांचंही घेईन, शब्द तर नव्हते. पण तुम्ही आता तिकडं जाऊन आपलं गाणं म्हटलंत तर मला लिहावं लागेल. पोशाख जाईल. पुढारीपण जाईल."

त्या पोशाखावर माझा जीव होता. तेवीस वर्षं मी तो रविवारी स्वतः कांजी करून घातला आहे, दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू दिला नाही.

"लिहा, दादा," मी म्हटलं. "मी मायकोलोच्या वेळी काय बोलले ते ज्या पानावर आहे ना, त्याच्याच खाली लिहा."

मायकोलोच्या कबरीवर गवत वाढलेलं होतं, डोक्याशी आमच्या रीतीनं ठेवलेला त्याचा फुटका मग. डोलोफिना खाली बसली. मी उभी राहिले. रडून माझा घसा बसला होता आणि माझा आवाज तसाही तिच्यापुढं काही नाही. तरी मी आमचं मातीचं गाणं उचललं, पोशाखात म्हणतो ते, शब्दांसकट. पहिल्या कडव्याला ती नुसती समोर बघत होती, दगडासारखी. मला झेलायला कुणी नव्हतं, मी टाकलेली ओळ मीच उचलत होते. माझा सूर दोनदा तुटला. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तिनं दोन्ही हात गवतात घातले, कपाळ मातीला टेकलं आणि नवऱ्याला हाक मारून रडायला लागली.

दोनच कडवी मागितली होती तिनं. मी पाचही म्हटली, आणि ती रडायची थांबेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.